लिनक्स मिंट, सात महिन्यांनी: लॅपटॉप पळतोय, धंदा अडला

लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, अजून ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पायजे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा पायजे, म्हणजे दूध देणारी म्हैस नुसतं वय झालं म्हणून बाजारात न्यायची. मी काय पन्नास हजार घालवणारा माणूस नव्हं. भाच्यानं पेनड्राइव्हवर मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची लिनक्स सिस्टीम, आणलं आणि बसवून दिलं.

पहिले दोन महिने कोल्हापुरात शाहूपुरीभर कौतुक सांगत फिरलो. पूर्वी मशीन चालू होईस्तोवर चहा पिऊन व्हायचा, आता आधण ठेवेपर्यंत डेस्कटॉप समोर. अँटीव्हायरसचा खर्च नाही, कोटेशन-बिलं लिब्रेऑफिसमध्ये झकास. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. आता तीन, आणि ते दोन मार्क मिंटनं नाही घालवले, सीडीआर फाईलनं, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरच्या फाईलनं खाल्ले.

माझं काम फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या डिझाईनचं, आणि इथल्या प्रेसवर सगळं चालतं कोरलड्रॉवर. त्याची लिनक्स आवृत्ती २००० साली आली होती, पुढं कंपनीनंच नाद सोडला. म्हणून इंकस्केप हे लिनक्सवर चालणारं डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकलो. फुकट आहे आणि वाईट अजिबात नाही. आरजीबीत (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) काम करतं, ऑफसेट छपाईला सीएमवायके (शाईचे चार रंग) लागतं ही अडचण खरी, पण फ्लेक्सला भागतंय.

तर मे महिन्यात एका मंडळाच्या अध्यक्षांचा वाढदिवस, २० बाय १० फुटांचा बोर्ड, खाली शुभेच्छुकांचे ३४ फोटो. अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, फाँट लागत नाही) पीडीएफ प्रेसला दिली आणि गारगोटीला लग्नाला गेलो. रात्री साडेदहाला फोन, एक शुभेच्छुक रुसलाय, नावाखाली 'उपाध्यक्ष' राहिलंय. प्रेसवरचा पोरगा म्हणतोय, "दादा, अक्षरं सिलेक्टच होईनात, सीडीआर टाका की." सीडीआर कुठनं टाकू? पीडीएफ एकदम बरोबर होती, पण त्याला दोन मिनिटात जे जमलं असतं त्यासाठी मी जेवण टाकून गाडी हाणत परत आलो. पेट्रोलचा हिशोब बायकोनं अजून काढलेला नाही, काढेल.

मग मिंटवरचा राग जरा बाजूला ठेवून बघितलं. कोरल तरी कुठं लई गुणाचं आहे? नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडत नाही, म्हणून दिवसभर एकच आरोळी, "एक्स३ मध्ये सेव्ह करून दे." एक्स३ म्हणजे कोरलचं जुनं व्हर्जन, आलंय २००६ साली! वर आपले जुने मराठी फाँट, जे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी वळणं बसवतात, फाँट नसला की नुसता कचरा दिसतो. युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीनं, हे कधीच सुटलंय, पण पत्रिकेवरची ती ठसठशीत वळणं ज्यात आहेत ते फाँट जुनेच, आणि ते सगळ्या प्रेसवर एकसारखे पडलेत. शिकाऊ पोरगं कामाला ठेवताना पण एकच प्रश्न, कोरल येतंय का? बरेच जण मित्राच्या सीडीवर शिकलेत हे आपल्यात राहू दे.

आणि रात्री अकराला अडलं तर फोन कुणाला करायचा? कोरलसाठी राजारामपुरीच्या दर दुसऱ्या गल्लीत कोणतरी सापडतंय. इंकस्केपसाठी भाचा, आणि तो पुण्यात.

शेवटी जुना बाजार धुंडाळून विंडोज ११ चालणारा सेकंडहँड लॅपटॉप घेतला, २६ हजार म्हणत होता, २२ ला तोडला. मिंटवाला काढलेला नाही, बिलं अजून त्याच्यावरच, पोरगी पण त्याच्यावरच अभ्यास करती. काल नव्या मशीनवरनं पहिली सीडीआर पाठवली. पोऱ्याचा मेसेज आला, "दादा उघडंना, एक्स३ मध्ये करून पाठवा."