चोवीस नोझलचा सेट: आधी आतला जोड बघा, मग पैसे द्या

केकवर आयसिंगची नक्षी काढायचा सेट: २४ नोझल, सिलिकॉनची पिशवी आणि नोझल पिशवीला जोडणारा कपलर, २४९ रुपये. जुलैत ऑनलाइन मागवला. डब्यात काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. सात महिने वापरून, जानेवारीत धाकट्या भावाच्या लग्नाचा केक त्याच्यावर निभावल्यावर लिहितेय. वसईत आमच्याकडे लग्नाला केक लागतोच. बाहेरच्या दोन मजली केकचा भाव ऐकून आई म्हणाली, "मग तू कोर्स कशाला केलास?" झालं, केक माझ्या गळ्यात.

तर २ नंबरचं, बारीक भोकाचं गोल नोझल. पत्रा गुंडाळून कडा जुळवल्यात, तो जोड थेट टोकापर्यंत येतो आणि भोकाच्या कडेला केसाएवढी खाच राहते. बटर आयसिंगमध्ये हे कळतसुद्धा नाही. पण मला केकच्या कडेने झालर सोडायची होती, रॉयल आयसिंगची, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखरेच्या, वाळून कडक होणाऱ्या आयसिंगची. आयसिंगच्या दोऱ्याचं एक टोक टेकवायचं, पिशवी अलगद मागे घेऊन दोरा हवेत लोंबू द्यायचा, दीड इंचावर दुसरं टोक टेकवायचं. सरावाला डब्याच्या पाठीवर नऊ दोरे सोडले. नऊच्या नऊ एकाच बाजूला वळले, शेवयांसारखे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, सात दिवस उलटलेत आणि प्रॉडक्ट वापरलेलं आहे." अहो, वापरल्याशिवाय दोरा वाकडा पडतो हे कळणार कसं? पन्नास रुपयांचं कूपन दिलं, तेही पाचशेच्या वर खरेदी केली तर. म्हणजे आणखी तीन सेट घ्या!

मग हार्डवेअरच्या दुकानातून झिरो नंबर पॉलिश पेपर आणला, बारीक सुरळी करून टोक आतून घासलं. दोरा सरळ पडायला लागला. त्या आनंदात चार तारे देऊन आले होते. पंधरा दिवसांनी घासलेल्या जागी तांबूस ठिपका. डब्यावर 'स्टेनलेस' छापलंय, पण नेमका जोडच गंजला. पांढऱ्याशुभ्र आयसिंगवर गंज उतरला तर काय, या धास्तीने आता धुतल्या धुतल्या नोझल बंद केलेल्या, कोमट ओव्हनमध्ये वाळवते. एक तारा परत घेतला.

सिलिकॉनच्या पिशवीचं आधी कौतुक केलं होतं, तेही मागे घेते. बटर आयसिंग केलं की घड्यांमध्ये तुपकटपणा राहतो, गरम पाण्याने धुतलं तरी हाताला लागतो. रॉयल आयसिंगला तो अजिबात चालत नाही. दोन अंड्यांचा पांढरा भाग, ४५० ग्रॅम आयसिंग शुगर आणि लिंबाचे थेंब घालून फेटल्यावर छान कडक, उभी राहणारी शिखरं आली होती, पिशवीत भरल्यावर सैल पडलं. आता रॉयलला फक्त वापरून फेकायच्या पिशव्या. साखर मलमलच्या कापडातून दोनदा चाळा, एक गुठळी २ नंबर बंद करायला पुरते. आणि भांड्यावर ओलं फडकं हवंच, नाहीतर वर पापडी धरते. जुलैत आमच्याकडे हेच आयसिंग दोन दिवस वाळत नव्हतं, जानेवारीत रात्रभरात खडखडीत झालं. हा दोष सेटचा नाही, वसईच्या पावसाचा.

आवडलं काय, तर पानाचं नोझल. कपाटात पडून होतं. टोकाला व्हीसारखी चीर आहे, दाबून झटकन ओढलं की मधली शीर सुद्धा उठते. दहा इंची थराची खालची कड अर्ध्या तासात पानांनी भरली. मोठं ताऱ्याच्या आकाराचं नोझल गुलाबांना उत्तम. बाकी एकवीस नोझल अजून डब्यात तशीच आहेत.

लग्नाच्या आदल्या रात्री अकराला २ नंबर पुन्हा तुंबलं, नावं लिहायची बाकी. चुलत बहिणीने मेंदीच्या कोनाचा प्लास्टिकचा कागद काढला, सुरळी केली, सेलोटेप लावली, टोक कात्रीने कापलं. दोन्ही नावं एका दमात लिहून झाली. ना नोझल, ना जोड.

तीन तारे. वरचे दोन जोडाने खाल्ले. झालरीतले दोन दोरे वाकडे पडले होते, म्हणून हॉलमध्ये केकची ती बाजू मुद्दाम भिंतीकडे केली होती. फोटोग्राफर नेमका भिंतीकडूनच घुसला. अल्बममध्ये तोच फोटो पानभर छापलाय.