पॉलिहाऊसमधील टोमॅटोसाठी डिजिटल आर्द्रतामापक: वापरानंतरचे मत

मावळातल्या पावसाळ्यात पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो घेणाऱ्याला लीफ मोल्ड या पानांवरच्या बुरशीजन्य रोगाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. पानाच्या वरच्या बाजूस पुसट कडांचे फिकट पिवळे डाग पडतात आणि पान उलटून पाहिले की नेमक्या त्याच जागी शेवाळी-तपकिरी, मखमली बुरशी दिसते. लवकर येणारा करपा या दुसऱ्या रोगाच्या डागांत दिसणारी वलये येथे नसतात. हा रोग आणणाऱ्या पॅसालोरा फुल्वा या बुरशीला २२ ते २४ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्क्यांवरील आर्द्रता मानवते. पावसाच्या भीतीने पॉलिहाऊसच्या बाजूंचे पडदे लावून घेतले की हे वातावरण आपणच तिला आयते देतो.

आतली आर्द्रता कळावी म्हणून पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा आर्द्रतामापक घेतला. सेन्सर दारापाशी न लावता मधल्या ओळीत, खालच्या पानांच्या उंचीवर, ऊन आणि ठिबकचे पाणी लागणार नाही असा टांगावा. दारापाशी दिसणारा आकडा खोटा दिलासा देतो.

अचूकतेबाबत दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि झाकण व सेन्सर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. माझ्या यंत्राने ७९ दाखवले. या किमतीत ते चालण्यासारखे आहे, फक्त वाचताना चार वजा करावे लागतात.

रात्रीची कमाल नोंद पाहूनच संध्याकाळचे पाणी सकाळी देण्याचा आणि पाऊस नसेल तेव्हा सूर्य उगवताच पडदे गुंडाळण्याचा निर्णय घेता आला, कारण बंद घरात हवा आधी तापते, पाने व फळे मात्र थंडच राहून त्यांवर दव धरते.

उणीव मोठी आहे ती नोंदीची. यंत्र केवळ कमाल आणि किमान आकडा दाखवते. ओलावा किती तास टिकला, जे रोगाच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे, ते कळत नाही. शिवाय रात्रभर दमट हवेत राहिलेल्या सेन्सरचा आकडा सकाळी फार सावकाश उतरतो. झड लागते तेव्हा बाहेरची हवाही तितकीच ओली असते, त्यामुळे अशा दिवसांत खालची पाने काढणे आणि शिफारशीत बुरशीनाशकाची फवारणी करणे यांना यंत्र पर्याय ठरत नाही. एकापेक्षा अधिक पॉलिहाऊस असणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे मोजून तासागणिक नोंद ठेवणारा डेटा लॉगरच घ्यावा.