कॅप्सूल उत्तम, पेटी घातक : नाणी साठवण्याच्या एका संचाचा दोन वर्षांचा अनुभव

गेली दोन वर्षे मी माझ्या संग्रहातील निवडक नाणी ज्या संचात ठेवतो आहे, त्यात ४६ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या ४० पारदर्शक ॲक्रिलिक कॅप्सूल (एकेक नाणे ठेवण्याच्या, दोन अर्ध्यांच्या गोल डब्या), लहान नाणी त्यांत हलू नयेत म्हणून नाण्याभोवती बसवायच्या वेगवेगळ्या मापांच्या काळ्या फोमच्या रिंगा, आतून मखमली अस्तर लावलेली लाकडी पेटी आणि चांदी उजळण्याचे एक कापड एवढ्या वस्तू येतात. या वस्तूंचा दर्जा मुळीच सारखा नाही. कॅप्सूलने नाण्यांचे उत्तम रक्षण केले, तर पेटीने त्यांचे नुकसान करायला सुरुवात केली होती. म्हणून प्रत्येक वस्तूविषयी वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते.

हा संच घेण्यामागे एक जुनी चूक आहे. पूर्वी माझी नाणी मऊ, लवचिक खिशांच्या अल्बममध्ये असत. ते खिसे पीव्हीसीचे होते, आणि अल्बम उघडताच येणारा तीव्र वास हीच खरे तर धोक्याची सूचना होती. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये काळाच्या ओघात बाहेर पाझरतात, प्लास्टिकचे विघटन होताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तांबे किंवा तांबेमिश्रित धातू असलेल्या नाण्यांवर हिरवट, चिकट थर जमतो. मी शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणी बुडवून तो थर काढला (काचेच्या भांड्यात, हवेशीर जागी आणि आगीपासून दूर), पण दोन तांब्याच्या नाण्यांचा पृष्ठभाग तोवर खोलवर खाल्ला गेला होता आणि तो पूर्ववत होणे शक्य नव्हते. एक सावधगिरी येथेच सांगतो : ॲसिटोन ॲक्रिलिकला विरघळवते, त्यामुळे असे धुतलेले नाणे पूर्ण सुकल्याशिवाय कॅप्सूलमध्ये ठेवू नये.

कॅप्सूलबद्दल माझी तक्रार जवळपास नाही. दोन्ही अर्धे घट्ट बसतात, पारदर्शकता अजून टिकून आहे, आणि नाणे हातात न घेता दोन्ही बाजू भिंगाखाली पाहता येतात, हा तर मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. कारण बोटांवरचा घाम आणि तेल यांचा ठसा तांब्याच्या चकचकीत नाण्यावर काही काळाने कायमचा उमटतो. उघडताना मात्र जोर लावावा लागतो आणि कॅप्सूल एकदम सुटते, तेव्हा हे काम टेबलावर जाड मऊ कापड अंथरून, नाणे खाली पडले तरी फार तर बोटभर उंचीवरून पडेल अशा बेताने करावे. वेष्टनावर ‘हवाबंद’ असे छापलेले आहे. तो दावा मला मान्य नाही. पाणी आणि धूळ या कॅप्सूल नक्की अडवतात, पण वायू त्यांच्या सांध्यातून सावकाश आत जातो, आणि याचा पुरावा मला त्याच संचातल्या पेटीने दिला.

सात-आठ महिन्यांनी तपासणी करताना चांदीच्या दोन नाण्यांच्या कडेलगत फिकट पिवळी छटा दिसली. कॅप्सूलमध्ये असूनही चांदी काळवंडू लागली होती. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंशी चांदीची अभिक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. तो अतिशय पातळ असताना पिवळा दिसतो आणि जाड होत गेला की तपकिरी, निळसर व शेवटी काळा होतो. हा गंधक बाहेरून येतो की पेटीतूनच, हे मला पाहायचे होते. वस्तूसंग्रहालयांत अशा शंकेसाठी ऑडी चाचणी वापरतात. ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ साली विकसित झालेल्या या पद्धतीत तपासायचा पदार्थ चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पत्र्यांसह बंद काचपात्रात, आर्द्र हवेत, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. घरी ते तापमान सतत राखणे मला शक्य नव्हते, म्हणून मी चांदीच्या तारेचे तीन स्वच्छ तुकडे तीन काचेच्या बरण्यांत साध्या तापमानाला तीन महिने ठेवले : एकासोबत पेटीच्या अस्तराचा तुकडा, दुसऱ्यासोबत फोमची रिंग, आणि तिसरा एकटाच. अस्तरासोबतचा तुकडा आधी पिवळा आणि मग स्पष्ट तपकिरी झाला, तर उरलेले दोन्ही तुकडे एकमेकांसारखेच उजळ राहिले. त्याच दिवशी मी सर्व कॅप्सूल पेटीतून बाहेर काढल्या.

मखमल, लोकर, रबर, काही गोंद आणि रंगद्रव्ये यांतून गंधकयुक्त वायू सुटू शकतात, आणि ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाच्या वाफा निघतात. नाण्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत हेच पदार्थ देखणेपणासाठी वापरले जावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण विकत घेणारा त्या देखणेपणालाच सुरक्षितता समजतो.

रिंगांविषयी माझे मत सावध आहे. त्यांनी चांदीला अपाय केला नाही, परंतु आम्लाच्या वाफा ओळखण्यासाठी लागणारे शिसे मी माझ्या चाचणीत वापरले नव्हते. त्यामुळे शिशाच्या नाण्यांसाठी मी रिंग वापरत नाही. नाण्याच्या नेमक्या मापाची, रिंगेशिवाय बसणारी कॅप्सूल वेगळी घेतो. रिंग वापरायची असेल, तर आधी व्हर्नियर कॅलिपरने नाण्याचा व्यास मोजावा. रिंग सैल असेल तर नाणे आत हलून कडेला घासते, आणि फार घट्ट असेल तर ते बसवताना अंगठा हमखास पृष्ठभागावर टेकतो.

चांदी उजळण्याच्या कापडाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ते नाण्यांसाठी वापरू नये. अशा कापडातील अपघर्षक नाण्याच्या पृष्ठभागाचा सूक्ष्म थर खरवडून काढते, टाकसाळीतून आलेली मूळ चमक कायमची जाते, आणि जाणकार संग्राहक असे पुसलेले नाणे एका नजरेत ओळखतो.

सध्या माझ्या कॅप्सूल झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या साध्या डब्यात आहेत. सोबत सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक असतो. सिलिका जेल मी नारिंगी रंगाचे घेतो, कारण निळ्या प्रकारात आरोग्यास घातक कोबाल्ट क्लोराइड असते. नारिंगी मणी ओलावा शोषून हिरवे झाले की सुमारे १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा माझा प्रयत्न असतो. कांस्याच्या जुन्या नाण्यांत दडलेली क्लोराइडे ओलावा मिळताच पुन्हा सक्रिय होऊन फिकट हिरवी भुकटी पाडू लागतात, तसेच जस्त आणि पोलाद यांनाही दमट हवा सोसत नाही. पेटी बदलल्यापासूनच्या सुमारे सव्वा वर्षात त्या दोन नाण्यांची पिवळी छटा पुढे सरकलेली नाही. ती काढण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

कॅप्सूल आणि रिंगा सुट्या मिळत असतील तर त्या अवश्य घ्याव्यात; पेटीसह पूर्ण संच घेण्याची शिफारस मी करू शकत नाही. शेकडो नाण्यांच्या संग्रहाला मात्र कॅप्सूल फार जागा खातात, आणि तेथे मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या) खिडक्या असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर अधिक सोयीचे ठरतात. त्यांच्या स्टेपलची टोके पकडीने दाबून पूर्ण सपाट करावीत आणि नाणे बाहेर काढताना स्टेपल आधी काढून टाकावेत, म्हणजे ओरखडा पडणार नाही.