सही नसलेली काच आणि 365 नॅनोमीटरचा टॉर्च: सहा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या शोभेच्या काचेवर कारखान्याची सही असेलच असे नाही. बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) क्लॉस्टरम्युहले येथील लोएट्झ या नामवंत कारखान्याच्याही बहुतांश वस्तूंवर सही नाही; जी आढळते ती प्रामुख्याने निर्यातीच्या मालावर. त्यामुळे अशी वस्तू हाती आली की ती कोणी आणि कुठे घडवली याचा शोध काचेपासूनच सुरू करावा लागतो. त्यासाठी सहा महिन्यांपूर्वी मी अतिनील प्रकाशाचा, 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि तोंडाशी काळी गाळणी (फिल्टर) बसवलेला हातटॉर्च सुमारे बाराशे रुपयांना मागवला.

हा टॉर्च घेण्याजोगा आहे. मात्र ‘जुनी काच क्षणात ओळखा’ हा त्याच्या खोक्यावरचा दावा खरा मानून कोणी तो घेऊ नये.

गाळणीचे महत्त्व वापरल्याशिवाय कळत नाही. तीन-चारशे रुपयांत मिळणारे टॉर्च बहुधा 395 नॅनोमीटरचे असतात आणि त्यांचा जांभळा उजेड इतका पसरतो की काचेची मंद चमक त्यात बुडून जाते. या टॉर्चमधून दिसणारा उजेड जवळजवळ येतच नाही, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत जे चमकते ते काचेचेच असते. तरीही जुना स्वस्त टॉर्च मी टाकून दिलेला नाही. युरेनियम घातलेली काच दोन्ही टॉर्चखाली झगझगीत हिरवी दिसते, तर रंग घालवण्यासाठी मँगनीज वापरलेली काच 365 खाली फिकट हिरवी उजळते आणि 395 खाली सहसा गप्प राहते. विक्रेते या फिकट हिरव्यालाही सर्रास युरेनियम म्हणतात, म्हणून दोन्ही टॉर्च जवळ असलेले बरे.

युरेनियम ठरले तरी कारखाना ठरत नाही. 1830 च्या दशकात बोहेमियात रिडेल घराण्याने ही काच नावारूपाला आणली, पण पुढे इंग्लंड आणि अमेरिकेतही ती मोठ्या प्रमाणावर निघाली आणि आजही ती बनते. माझ्याकडची पिवळसर हिरवी वाटी टॉर्चखाली लखलखली, पण ती साच्यात दाबून बनवलेली असून तिच्या अंगावर साच्याची शिवण आहे, हे सांगितले ते बोटाने.

टॉर्चने सर्वांत मोठी मदत केली ती वेगळ्याच कामात. जुनी म्हणून घेतलेली एक कातीव काचेची अत्तरदाणी दिवसा निर्दोष दिसत होती. टॉर्च धरताच तिच्या मानेभोवती निळसर पांढरी, केसाएवढी बारीक रेघ उमटली आणि एका ठिकाणी ओघळून थिजलेला थेंबही दिसला. मान तुटलेली होती आणि डिंकाने जोडलेली होती. ज्या दुकानातून ती घेतली तेथे दुरुस्तीचा उल्लेखही झाला नव्हता. या एका रेघेने टॉर्चची किंमत वसूल झाली असे मी मानतो.

मुंबईच्या चोरबाजारात लोएट्झ म्हणून घेतलेल्या सोळा सेंटिमीटर उंचीच्या हिरव्या फुलदाणीपुढे मात्र टॉर्च जवळपास निरुपयोगी ठरला. तिच्या अंगावर तेलाच्या थेंबांसारखे निळे-रुपेरी ठिपके आहेत. अशी झळाळी तापलेल्या काचेवर धातुक्षारांची वाफ सोडून आणतात. तो पातळ थर पृष्ठभागावरचा असल्याने अतिनील प्रकाश त्याच्या कर्त्याबद्दल काही सांगत नाही. शिवाय अशीच काच लेनोरा येथील क्रालिकने आणि टेप्लिट्झ परिसरातील रिंडस्कोप्फ व पाल्मे-क्योनिग यांनीही बनवली, आणि बाजारात त्यांपैकी बरीच लोएट्झच्या नावावर खपते, कारण किंमत त्या नावाला मिळते.

येथे दहापट मोठे करून दाखवणारे साधे भिंग अधिक उपयोगी पडले. घडवताना बुडाशी चिकटवलेली सळई तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केली आहे का, टेकणाऱ्या कडेवर वेगवेगळ्या दिशांच्या बारीक ओरखड्यांचा पट्टा आहे का, तोंडाची कड आगीत वितळवून गोल केली आहे की चाकावर घासली आहे, हे सारे भिंगातून दिसते. सही असलीच तर तीही भिंगाखाली घ्यावी. जुने ओरखडे तिच्यावरून गेलेले हवेत, सहीने ओरखडे कापलेले असतील तर ती नंतर कोरली आहे. लोएट्झच्या आकारांचे कागदी नमुने टिकून असल्याने फुलदाणीची बाह्यरेषा त्यांच्याशी ताडून पाहता येते. माझी फुलदाणी मी पाहिलेल्या नमुन्यांपैकी एकाशीही जुळली नाही.

उणिवांबद्दल थोडक्यात सांगायचे तर चार-पाच मिनिटांत टॉर्चचे डोके चांगलेच तापते आणि चार्जिंगच्या खाचेवरचे रबर सैल आहे. संरक्षक चष्मा सोबत मिळत नाही, तो वेगळा घ्यावा, कारण चकचकीत काचेवरून हा प्रकाश सरळ डोळ्यांत परततो.

फुलदाणी कपाटात परत ठेवताना तिच्याखालच्या चिठ्ठीवरचे ‘लोएट्झ’ खोडून मी ‘बोहेमिया, अंदाजे 1900, कारखाना अनिश्चित’ असे लिहिले आहे.