मखमली मुंगीची जोडी जुळवायची: डीएनए की शरीररचना?

बोरिवलीच्या जंगलातली मखमली मुंगीची बिनपंखी मादी आणि पंखवाला नर एकाच जातीचे का, हे ठरवायला पैसे सीक्वेन्सिंगवर (डीएनएची अक्षरं वाचण्यावर) घालू की सूक्ष्मदर्शकाखाली बसू, असं एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलं. (वनखात्याची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर.) ही मुंगी नव्हेच, गांधीलमाश्यांची नातलग. नर-मादी इतके वेगळे की एकाच जातीला दोन नावं पडल्याची उदाहरणं आहेत.

खर्चात शरीररचना जिंकते, सूक्ष्मदर्शक कॉलेजात असतोच. डीएनएला रसायनं, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं), वर प्रयोगशाळेची रांग. कीटक मात्र वाया जात नाही, एक पाय पुरतो.

खात्रीच्या बाबतीत खरी गोम आहे. नराच्या जननेंद्रियांवरून त्याची जात बरीच नेमकी कळते, पण मादीत तो अवयवच नाही, मग ताडायचं कशाशी? जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा दोघांतही असतो. पण तो मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला), म्हणजे आईकडून आलेला. संकर होऊन वोल्बाकिया हा आईकडूनच पिल्लांत जाणारा जिवाणू पसरला, तर दोन जवळच्या जातींतही तोच तुकडा दिसू शकतो. म्हणून नुसत्या सीओआयवर लग्न लावू नये, पेशीच्या केंद्रकातलं एखादं जनुकही तपासावं.

संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांत डीएनए बहुधा तुटलेला असतो. तिथे डोळेच कामाचे.

ताजे, अल्कोहोलमधले सुटे नर-मादी असतील तर डीएनए. मीलनात पकडलेली जोडी किंवा टाचणीवरचे जुने कीटक असतील तर शरीररचना. नवी जात जाहीर करायची असेल तर दोन्ही.