किंडलची स्क्रीन बदलून घेताय? 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम' म्हणाले तर आधी हे करून बघा

म्हापशातल्या एका रिपेअरच्या दुकानात आमच्या बाबांच्या किंडलला, म्हणजे पुस्तकं वाचायच्या मशीनला, नवी म्हणून वापरलेली स्क्रीन घातली, आणि ती नीट चालेना तेव्हा 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' म्हणून वर आणखी पैसे मागितले. नाव इथे लिहीत नाही, पण ही लबाडी कशी चालते ते सगळ्यांना कळायलाच पाहिजे.

किंडल 2015 चं पेपरव्हाईट, 300 पीपीआयवालं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांची स्क्रीन. बाबांना छापील पुस्तकाची अक्षरं आता दिसत नाहीत, त्यावर टाइप मोठा करून दिवसभर मराठी वाचत असतात. खाली पडलं आणि अर्धं पान तसंच गोठलं, उरलेलं अर्धं पलटत होतं, म्हणजे आतली काच गेली. दुकानदाराने 3500 सांगितले, 'ओरिजनल, नवं कोरं पॅनल'. पक्कं बिल मागितलं तर 'जीएसटी वेगळा पडेल' म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली आणि जुनं पॅनल मागितलं तर म्हणे फेकलं.

घरी आणून बघतो तर उजवीकडे दोन उभ्या रेघा, अक्षरं फिकट आणि मागच्या पानाची सावली पुढच्या पानावर. परत नेलं तर 'पावसांत अशेंच जाता बाय, दमट हवा' (पावसात असंच होतं), नंतर म्हणाला सॉफ्टवेअर उडालंय, 1200 लागतील. बाबा बिचारे द्यायला तयारही झाले होते, याचा मला जास्त राग आहे.

सॉफ्टवेअरचं खरंखोटं घरबसल्या कळतं. पेपरव्हाईटवर तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे एकदम दाबले की स्क्रीनशॉट निघतो, केबलने कॉम्प्युटरला जोडून तो उघडा. आमच्या स्क्रीनशॉटमध्ये एकही रेघ नव्हती, अक्षरं काळीकुट्ट! म्हणजे किंडल चित्र बरोबर बनवतंय, बिघाड त्याच्या पुढे, पॅनलमध्ये नाहीतर रिबन केबलमध्ये, म्हणजे पॅनलला जोडणाऱ्या चपट्या पट्टीत. रेघा स्क्रीनशॉटमध्येही आल्या असत्या तर सॉफ्टवेअरवर संशय घेतला असता. पॉवरचं बटण 40 सेकंद दाबून रीस्टार्ट केलं, सेटिंगमध्ये पेज रिफ्रेश चालू केलं म्हणजे दर पानाला स्क्रीन पूर्ण काळी होऊन धुतली जाते, तरी फरक शून्य.

आणि मग व्हरांड्यात उन्हात धरलं तेव्हा पांढऱ्या पानाच्या मधोमध बॅटरीचं पुसट चित्र दिसलं, आत उद्गारचिन्ह. चार्ज पूर्ण संपला की किंडल हेच चित्र दाखवतं, आणि ई-इंकला, म्हणजे किंडलच्या कागदासारख्या स्क्रीनला, चित्र टिकवायला वीज लागत नाही, त्यामुळे बंद पडलेलं मशीन महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलं तर त्या चित्राचा डाग मागे राहू शकतो. आमचं तर कधी तसं पडून नव्हतं. कुणाच्या तरी भंगारातल्या किंडलचं पॅनल काढून आम्हाला नवं म्हणून विकलं, दुसरं काय!

फोंड्याच्या एका ओळखीच्या कारागिराने आमच्यासमोर उघडलं. रिबन काढून परत बसवली, रेघा जागच्या हलल्या नाहीत, म्हणजे कनेक्टर ठीक, पॅनलच गेलेलं. त्याने रिबनवर बोट ठेवून दाखवलं, स्टिकर नखाने खरवडलेला, कडेला जुना काळपट गोंद. बऱ्याच पॅनलवर त्या स्टिकरवर नंबर आणि व्हीकॉम, म्हणजे त्या पॅनलला लागणारं व्होल्टेज, छापलेलं असतं, उणे दीड-दोन व्होल्टच्या आसपासचा आकडा, प्रत्येक पॅनलचा थोडा वेगळा. ते मशीनशी जुळलं नाही तरी अक्षरं फिकट पडतात आणि सावल्या राहतात. आमचा आकडाच खरवडला, मग जुळवणार कशाशी?

तेव्हा स्क्रीन बदलून घेणार असाल तर पॅनल बसवायच्या आधी हातात घ्या, स्टिकरचा फोटो काढा, जुनं पॅनल परत मागा, पैसे द्यायच्या आधी दुकानातच दहा-बारा पानं पलटून बघा आणि पूर्ण पांढरं पान नीट न्याहाळा. बिलावर 'नवीन पॅनल' हे शब्द लिहून घ्या, जो लिहायला कां-कूं करतो त्याच्याकडे देऊच नका.

मी 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय, चिठ्ठी, स्क्रीनशॉट आणि खरवडलेल्या स्टिकरचा फोटो जोडून. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. म्हापशात आणखी कुणाला अशी स्क्रीन घातली असेल तर चिठ्ठी फेकून देऊ नका आणि तुम्हीही तक्रार करा, एकाच दुकानाच्या चार तक्रारी गेल्या तर त्याला 'पावसांत अशेंच जाता' म्हणून सुटता येणार नाही.