पाटीवर अडीच किलोमीटर, चाकावर चोवीसशे मीटर

आमच्या तळ्याभोवतीच्या सायकल ट्रॅकच्या फाटकावर पाटी आहे : 'एकूण लांबी २.५ किमी'. ती खोटी आहे. फार नाही, शंभर मीटरने. मी मोजलाय.

कसा मोजला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल. माझ्या काळ्या ॲटलसच्या पुढच्या टायरवर खडूने रेघ मारली, ओट्यासमोर चाकाचा एक फेरा ढकलला आणि टेप लावला. २ मीटर १९ सेंटिमीटर. मग एका स्पोकला जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा बांधला. दर फेऱ्याला तो चाक धरणाऱ्या चिमट्याला 'टप्' करून लागायचा. डाव्या खिशात चिंचोके. शंभर टप् झाले की एक चिंचोका उजव्या खिशात. फाटकापासून निघून परत फाटकाशी आलो तेव्हा उजव्या खिशात १० चिंचोके, आणि तोंडाने मोजलेले ९६. गुणाकार नातीने मोबाईलवर केला. २,४०० मीटर. शंभर मीटर डांबर कुठे गेलं ते पाटी लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मी रेल्वेतला माणूस. गँगमन म्हणून लागलो, मग चावीवाला झालो, सुटलो तेव्हा मुकादम होतो. भुसावळ विभाग, बहुतेक नोकरी चाळीसगाव ते पाचोरा या पट्ट्यात. चावीवाल्याचं काम म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी बघायचा, जाताना एक बाजू, येताना दुसरी. चावी म्हणजे रूळ जागेवर घट्ट धरणारी लोखंडी पाचर. ती ढिली झाली की हातोड्याने ठोकून बसवायची. आता चाव्या गेल्या, क्लिपा आल्या, नाव मात्र चावीवालाच राहिलं. आमचे पहिले मुकादम म्हणायचे, रुळाकडे काय बघतोस, गटारीकडे बघ. ती खोड अजून आहे. लोक या ट्रॅकवर येऊन 'मस्त गुळगुळीत आहे' म्हणतात. मी आधी बघतो, पावसाचं पाणी उतरून जातं कुठे.

तळ्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. पुढे तक्रार आहे, आणि ज्यांना जायचंय त्यांना वाट माहीत आहे.

ट्रॅक असा आहे. आठ फूट रुंद डांबरी पट्टा सायकल आणि स्केटिंगसाठी, त्याला लागून चार फुटांची मुरमाची पायवाट चालणाऱ्यांसाठी, मध्ये पांढरी रेघ. सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं, तळं उजव्या हाताला ठेवून. दिशा दाखवणारे बाण ठळक आहेत आणि निम्मे लोक ते पाळतात. बाकीचे निम्मे चौघे-चौघे हातात हात घालून समोरून येतात, आणि घंटी वाजवली की आपणच उलटे आल्यासारखं बघतात.

पहिल्या चिंचोक्यापर्यंत, म्हणजे शंभर टप्, २१९ मीटर, पेव्हर ब्लॉक. सायकलला काही वाटत नाही, पण स्केटला ही जागा नकोशी. नात म्हणते, टाचेपासून दातापर्यंत मुंग्या येतात. तिचे स्केट एका रांगेत चार चाकांचे आहेत. चाकावरच लिहिलंय, ७२ मिमी, ८२ए. मिमी म्हणजे चाकाचा व्यास आणि ए म्हणजे चाकाचा कडकपणा. आकडा वाढला की चाक कडक, झिजतं कमी पण हादरे जास्त देतं. माझ्या सायकलचं चाक तिच्या चाकाच्या नऊ-दहा पट मोठं. मला जो सांधा कळतही नाही तो तिला पायरीसारखा लागतो. मला तर आमची पीजे आठवली. पाचोरा-जामनेर, ७६२ मिलिमीटरची छोटी लाईन, ५६ किलोमीटर. बारक्या चाकांची गाडी, रुळाचा प्रत्येक सांधा बसणाऱ्याला कळवून पुढे जायची. आता ती धावत नाही. तर पेव्हर संपेपर्यंत स्केट गळ्यात अडकवून चालत जा, आणि डांबर लागलं की कडेच्या कठड्यावर बसून घाला. सगळी जाणती पोरं तसंच करतात.

पहिला ते पाचवा चिंचोका म्हणजे तळ्याची पाळ. ट्रॅकचा हा तुकडा डोळे झाकून पसंत. पाळीचा भराव जुना, पक्का बसलेला, वर मुरूम, त्यावर खडी, त्यावर डांबर. मधोमध किंचित उंच आणि दोन्ही बाजूंना उतार, त्यामुळे पाणी थांबतच नाही. वळणावर बाहेरची कड जराशी उचललेली आहे. हे काम ज्याने केलं त्याला हात जोडावेत. रेल्वेत या उचलीला कँट म्हणतात. गाडी वळणात बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ उंच घेतात, ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १६५ मिलिमीटर. इथे तेवढं लागत नाही, चार बोटं पुरतात. पोरं वळणात पाय आडवा न टाकता सरळ निघून जातात ते त्या चार बोटांमुळे. थंडीत सकाळी साडेसहाला या पाळीवर यावं. पाण्यावर धूर असतो, टिबुकल्या बुडी मारतात आणि भलतीकडेच वर येतात. नात थांबून पैज लावते, ती कुठे निघेल याची. मी कायम हरतो.

पाचव्या ते सातव्या चिंचोक्यामध्ये सगळी गोम आहे.

पाळ संपते आणि ट्रॅक कपाशीच्या शेतांच्या कडेने जातो. खाली काळी जमीन. खान्देशात काळ्या जमिनीचं कौतुक शेतकऱ्याला विचारा, रस्ता करणाऱ्याला विचारू नका. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा शेतात अशा भेगा पडतात की आपला हात कोपरापर्यंत आत जावा. डांबराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असते, तिचा ओलावा टिकतो. कडेखालची मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते, फुगते आणि बसते. म्हणून भेग मधोमध पडत नाही. ती कडेपासून हात-दीड हातावर पडते, आणि ट्रॅकच्या लांबीने सरळ धावते. त्यात कडेला लावलेली झाडं उन्हाळ्यात खालचं उरलंसुरलं पाणी ओढतात आणि माती आणखी आकसते. सावली हवी म्हणून झाडं लावली, त्यात चूक काही नाही. चार फूट लांब लावायला हवी होती, एवढंच.

यावर उपाय नवीन नाही. रेल्वे काळ्या मातीवर थेट गिट्टी टाकत नाही, मध्ये चांगल्या मुरमाचा थर देते आणि भरावाच्या माथ्याला ३० ला १ असा उतार ठेवते. शिवाय दोन्ही बाजूंना चालू गटार. इथे गटार आहे, पण डोळ्यांपुरतं. तिसऱ्या बाकाजवळ ते मातीने भरलंय आणि त्यात टाकळा उगवलाय. पाणी तिथेच मुरतं, नेमकं कडेखाली.

मी एप्रिलपासून त्या भेगेवर लक्ष ठेवून होतो. एप्रिलमध्ये तिच्यात काडेपेटीतली काडी जायची, मे संपता-संपता काडेपेटी उभी जायला लागली. पंपाच्या दांड्याने कड ठोकून बघितली तर आवाज पोकळ येत होता. तीस वर्षं ठोकण्यात गेली, कान फसत नाही. रीतसर अर्ज लिहून दिला, सोबत चौकट आखून नकाशा. संबंधित साहेबांनी चहा पाजला, 'आबा, तुमचं बारीक लक्ष आहे' म्हणाले, आणि आठ दिवसांनी त्या भेगेवर पिवळा पट्टा मारला गेला. पट्टा सरळ आहे, रंगही चांगला आहे.

त्या पिवळ्या पट्ट्यावरच नात पडली.

आडवी भेग असती तर धक्का बसून चाक पार झालं असतं. उभी भेग वेगळी. स्केटचं चाक टोकाला गोलसर असतं, ती धार भेगेत बसते आणि मग चाक भेग सांगेल तिकडेच जातं. पाय एकीकडे, अंग एकीकडे. मी मागून सायकलवर होतो, सगळं दिसलं आणि काही करता आलं नाही. गुडघ्याला पॅड होतं, तिथे खरचटलंही नाही. पडणारा माणूस आधी हात टेकतो. मनगटाचं गार्ड मात्र 'गरम होतं' म्हणून तिने काढून माझ्या हँडलला लटकवलं होतं. मनगट मुरगळलं, पंधरा दिवस पट्टी. सूनबाई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचंही बरोबरच होतं, गार्ड माझ्या हँडलवर होतं.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आमच्या हद्दीत एक फाटक होतं, तिथे रस्ता रुळाला तिरका यायचा. फाटकात रुळाच्या आतल्या बाजूने गाडीच्या चाकासाठी दोनेक इंचांची फट ठेवावी लागते. सायकलवाले दूधवाले पावसात त्या फटीत चाक घालून पडायचे, कॅन आडवे, दूध गिट्टीत. मी ओरडून सांगायचो, अरे रूळ काटकोनात ओलांड, तिरका जाऊ नको. इथेही तेच. पट्टा ओलांडायचाच असला तर जमेल तेवढा आडवा ओलांडा, त्याच्या कडेकडेने जाऊ नका. त्यापेक्षा पाचवा चिंचोका आला की डांबराच्या मधोमध या आणि सातव्यापर्यंत मधला भाग सोडू नका. बारीक टायरच्या रेसर सायकलवाल्यांनी तर नक्कीच. माझ्यासारख्या दीड इंची टायरला भीती नाही.

सातव्यानंतर निंबाची जुनी झाडं, सावली आणि काटे. निंबाचे नव्हेत, कुंपणाबाहेरच्या वेड्या बाभळीचे. दिवाळीनंतर त्यात सराट्यांची भर. हे दोन्ही टायरमध्ये शिरताना आवाज करत नाहीत. फेरी संपल्यावर दोन्ही टायर हाताने फिरवून बघायचे. काटा दिसला तर लगेच उपटायचा नाही. पंप जवळ नसेल तर मुळीच नाही. आत रुतलेला काटा बुचासारखा काम करतो, हवा हळूहळू जाते, घरापर्यंत पोचता येतं. मागच्या वर्षी मी पाच पंक्चर स्वतः काढली, त्यातली चार याच ट्रॅकची. फाटकाबाहेर पंक्चरवाला बसतो, पण सकाळी तो नवाच्या आत येत नाही.

संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा ही म्हशींची वेळ. तळ्याच्या पलीकडून त्या याच ट्रॅकवरून घरी येतात, पूर्वीपासूनची वाट त्यांची. शेण सायकलला चालतं, स्केटला नाही. चाकांच्या मधल्या बेअरिंगमध्ये गेलं की रात्री रॉकेलमध्ये बुडवून धूत बसावं लागतं, मी बसलोय. एकदा गुराख्याला जरा चढ्या आवाजात बोललो तर तो शांतपणे म्हणाला, "आबा, म्हशीसले काय माहीत शे, हाऊ सायकलना रस्ता शे ते?" यावर काय बोलणार? पाट्या तर माणसंही वाचत नाहीत.

बाकी फुटकळ. प्रवेश फुकट. भाड्याच्या सायकली फाटकाशी मिळतात, अर्ध्या तासाला ३० रुपये. घेण्याआधी ब्रेक दाबून बघा, मागचे लागतात, पुढच्यांची खात्री नाही. दिवे पाळीवर आहेत, शेताच्या बाजूला एक सोडून एक पेटतो, म्हणजे नेमका भेगेपाशी अंधार. संडास कुलूपबंद. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकात नागमोडी पाईप लावलेत, त्यातून बुलेट जात नाही, स्कूटी जाते. उन्हाळ्यात दुपारी चारला जाऊ नका, डांबर इतकं मऊ होतं की माझ्या सायकलचं स्टँड त्यात रुतून सायकल आडवी झाली होती. बाहेर एका ताईंची गाडी असते, हिवाळ्यात कळण्याची भाकरी आणि भरीत. भरिताची वांगी त्या कपाशीच्या काड्यांवर भाजतात. ट्रॅक नाही आवडला तर तेवढ्यासाठी जा.

सायकलसाठी पाचपैकी चार तारे. स्केटसाठी अडीच, आणि तेही पाळीमुळे.

जूनमध्ये पाऊस लागला. पाऊस लागून तीन आठवडे झाले, नातीची पट्टीही सुटली होती, तेव्हा तिला घेऊन गेलो, आज फक्त चालायचं या बोलीवर. पिवळ्या पट्ट्याशी वाकून बघितलं तर भेग मिटत आलेली, जेमतेम काडी जाईल एवढी. रोज फिरायला येणारे एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "बघा आबा, तुमच्या अर्जाने काम झालं. बुजवली त्यांनी." मी काही बोललो नाही. खाली माती पाणी पिऊन फुगली होती, एवढंच. नातीने खडू मागितला. भेग जिथे सुरू होते तिथे तिने एक आडवी रेघ मारली, जिथे संपते तिथे दुसरी, आणि मध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फाल्गुनात परत बघणे'. रात्रीच्या पावसात ते धुऊन गेलं. काडेपेटी मी सायकलच्या पिशवीत ठेवलीय.